राजाला कोणी काही पाजलं नव्हतं

ह्या लेखात कोणाचंही नाव येणार नाही. ही अट वहिनींची आहे. "नावं घालू नका भाऊजी, पण ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल असं लिहा," असं त्यांनी मला सांगितलं. म्हणून तेराशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका राजाचं नावही मी गाळलं आहे. त्याला एकट्यालाच उघड्यावर कशाला उभं करायचं?

आपल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांनी गेली काही वर्षं एक गोष्ट ऐकली आहे आणि पुढे सांगितलीही आहे. मंडळाचे संस्थापक अध्यक्ष, ज्यांना आपण सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणत होतो, त्यांना त्यांच्या पुतण्याने घराच्या लोभाने काहीतरी पाजलं, त्यातून ते बेशुद्ध झाले आणि नशिबाने वाचले, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. ती पहिल्यांदा माझ्या कानावर आली तेव्हाच ती खोटी असल्याचं मला माहीत होतं, कारण खरं काय घडलं ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प राहिलो. एकदा तर गप्प राहण्यापेक्षाही वाईट वागलो. ते आता क्रमाने सांगतो.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. तरुणपणी पुण्याहून इथे इंग्लंडच्या हॉस्पिटलांत काम करायला आले आणि तीन-चार गावं फिरून कॉव्हेंट्रीत स्थिरावले. मी त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. फिजिशियन होतो, बर्मिंगहॅममध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. मंडळ त्यांनी स्वतःच्या फ्रंट रूममध्ये, सोफा गार्डनमध्ये काढून ठेवून सुरू केलं होतं. अध्यक्षपदाची निवडणूक दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी तेच निवडून यायचे, कारण दुसरं नाव सुचवावं असं कोणाच्या मनातच येत नसे. मी उपाध्यक्ष. माझ्या मनात मात्र ते येत असे.

डॉक्टरांना स्पेनचा नाद होता. एकदा स्वस्तातलं पॅकेज घेऊन ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, समुद्रकिनाऱ्यावर गेले. दोन दिवसांत वाळूचा कंटाळा आला म्हणून बस पकडून आत कुठल्याशा गावी गेले, तिथल्या म्युझियममध्ये शिरले आणि अरबांच्या आधी स्पेनवर राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ राजांच्या प्रेमात पडूनच बाहेर आले. पुढची वीस वर्षं लोक लेक डिस्ट्रिक्टला जात तेव्हा हे स्पेनला जात. त्या राजांपैकी एका म्हाताऱ्या राजावर त्यांचा विशेष जीव. वर्षातून एकदा ते मंडळात त्याच्यावर भाषण देत. आमचे खजिनदार दरवर्षी आधी विचारून घेत, "डॉक्टर, ह्या वर्षी राजा मरणार ना? नाही, त्या हिशोबाने बटाटेवडे तळायला घेतो."

डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाचा मुलगा नाशिकहून वर्क परमिटवर आला, त्याला मिल्टन कीन्सला आयटी कंपनीत नोकरी लागली, पण राहिला तो कॉव्हेंट्रीत काका-काकूंकडे. रोज मोटरवेने जाऊन येऊन. वहिनी त्याला डबा द्यायच्या. तो डॉक्टरांना अण्णा म्हणायचा. त्यांच्या भाषणाच्या स्लाइड्स तोच करायचा, स्पॅनिश पुस्तकांची भाषांतरं इंटरनेटवर शोधून द्यायचा. "माझ्यामागे घर ह्याचं आणि राजाही ह्याचाच," असं डॉक्टर चारचौघांत म्हणत. तो लाजायचा आणि म्हणायचा, "अण्णा, घर ठेवा, राजा नको."

दोन हजार सालानंतरचीच गोष्ट आहे. एका उन्हाळ्यात आम्ही पाच जण टोलेडोला गेलो: डॉक्टर, वहिनी, मी, माझी बायको आणि गाडी चालवायला पुतण्या. टोलेडो सगळं चढावर. दगडी गल्ल्या, डोक्यावर ऊन. एका जुन्या चर्चच्या सावलीत पायरीवर बसून डॉक्टरांनी आम्हाला राजाची गोष्ट सांगितली. भाषणांत मी ती अनेकदा ऐकली होती, पण तिथे ती निराळी वाटली.

आधीचा राजा एका खेड्यात वारला. त्याच दिवशी सरदारांनी ह्या म्हाताऱ्याला निवडलं. तो म्हणाला, मी थकलोय, मला नको. तेव्हा एका सरदाराने तलवार उपसली आणि म्हणाला, हो म्हण, नाहीतर इथून जिवंत जाणार नाहीस. "बघा," डॉक्टर म्हणाले, "ह्याला म्हणतात बिनविरोध निवड." राजा झाला, पण घाईत अभिषेक करून घ्यायला तयार होईना, टोलेडोला आला आणि मगच डोक्यावर पवित्र तेल घेतलं. पुढे एका सेनापतीने बंड केलं आणि स्वतःला राजा म्हणवून घेतलं. म्हाताऱ्याने त्याला हरवलं, जीव घेतला नाही, पण डोकी भादरून त्या सगळ्या बंडखोरांची टोलेडोच्या रस्त्यांतून धिंड काढली. त्या लोकांत केस म्हणजे मान. मुंडण झालेला माणूस परत गादीवर बसू शकत नसे.

"आणि मग?" माझ्या बायकोने विचारलं.

"मग काय, त्याचंच झालं. एका संध्याकाळी राजा अचानक बेशुद्ध पडला. आता हा जाणार म्हणून बिशप धावत आला, शेवटचं प्रायश्चित्त दिलं, केस कापले, साधूची कफनी चढवली. आणि दुसऱ्या दिवशी हा उठून बसला! पण साधू झाला तो झाला. त्याच्या सहीचे कागद पुढे आले, अमक्याला राजा करा म्हणून. अमका गादीवर बसला. म्हातारा मठात गेला आणि तिथे काही वर्षं निवांत जगला."

"त्याला त्या अमक्यानेच पाजलं होतं ना काहीतरी?" पुतण्याने विचारलं. "मी वाचलं ऑनलाइन. कसलातरी काढा."

डॉक्टर खो-खो हसले. "अरे गाढवा, ती गोष्ट दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे. मी तीस वर्षं लोकांना झोपवलंय. मशीन, मॉनिटर, शेजारी असिस्टंट, सगळं असून कोण नेमका कधी उठेल ते मला सांगता आलं नाही. आणि ह्या पठ्ठ्याने म्हणे गवताचा काढा दिला, आणि राजा बरोबर हजामत होईपर्यंत झोपला, आणि मेलाही नाही! असला काढा मला मिळाला असता तर मी रिटायरच झालो नसतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, फिजिशियन? बोल."

"शक्यच नाही," मी म्हणालो. "साधा आजार असणार. म्हातारा माणूस, उन्हाळा, कुठलंही इन्फेक्शन."

"ऐकलंस?" डॉक्टर पुतण्याला म्हणाले. "माणसं आजारी पडतात, बाकीचे त्याचा फायदा घेतात. विष लागत नाही."

संध्याकाळी गाडीत बसताना डॉक्टरांचे पाय सुजलेले दिसले. मोज्यांचे वळ उठले होते. रक्तदाबासाठी ते जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, लिहून दिलेली पाण्याची गोळी रोज एक घेत, लघवी जास्त व्हावी म्हणून देतात ती. मी पुढच्या सीटवरून मागे बघत म्हणालो, "दोन घ्या. एकाने काय होतंय? घरी गेल्यावरही दोनच चालू ठेवा."

पुतण्या आरशात बघत म्हणाला, "काका, जीपीला विचारायला नको?"

"का रे? मी काय प्लंबर आहे?"

सगळे हसले. डॉक्टरांनी त्या दिवसापासून दोन गोळ्या सुरू केल्या. माझा शब्द होता. मी ते विसरूनही गेलो.

गणपतीच्या आधी दहा-बारा दिवस डॉक्टरांना सर्दी झाली. रात्री झोप येईना म्हणून पुतण्याने सुपरमार्केटमधून सर्दीच्या साध्या गोळ्या आणल्या आणि एक दिली. सकाळी डॉक्टर नीट उठेनात. डोळे उघडायचे, काहीतरी बरळायचे आणि पुन्हा मिटायचे. अ‍ॅम्ब्युलन्स आली. मी दुपारी वॉर्डात पोचलो तेव्हा वहिनी कॉटशेजारी बसल्या होत्या आणि पुतण्या ऑफिसला फोन करायला बाहेर गेला होता.

वॉर्डातला तरुण डॉक्टर मला व्यवसायबंधू म्हणून बाजूला घेऊन बोलला. रक्तातलं मीठ फार खाली गेलं होतं. पाण्याच्या गोळीने म्हाताऱ्या माणसांत असं होतं, हे मेडिकलच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. "हळूहळू वर आणतोय," तो म्हणाला. "दोन-चार दिवसांत शुद्धीवर यायला हरकत नाही. पण डोस दुप्पट कोणी केला? जीपीकडे तर एकच लिहिलीय."

वहिनी ऐकण्याच्या अंतरावर होत्या. मी म्हणालो, "म्हातारी माणसं करतात कधीकधी."

हे वाक्य मी इंग्रजीत बोललो, अगदी सहज, वर्षानुवर्षं बोलत आल्यासारखं. एका सेकंदात मी माझी चूक डॉक्टरांच्या नावावर टाकली. त्यांना ती नाकारता येत नव्हती. ते डॉक्टरी बोलणं वहिनींना नीट उमगलं नाही; त्यांना आणि पुढे डॉक्टरांनाही मी एवढंच सांगितलं की मीठ उतरलं होतं, कशाने ते नक्की नाही.

त्याच संध्याकाळी कार्यकारिणीची मीटिंग होती. गणपती तोंडावर, हॉलचं, कलाकारांचं, सगळं अध्यक्षांच्या सहीवर अडलेलं. सगळ्यांनी मला विचारलं, डॉक्टर कसे आहेत? मला दोन-चार दिवस हे उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "काही सांगता येत नाही."

मग खजिनदार म्हणाले, "मला एक वाटतं. ह्या माणसाचा सत्कार जिवंतपणी झाला पाहिजे. नंतर काय, शोकसभा. तिथे सत्कारमूर्तीला काही ऐकू येत नाही."

"आत्ता तरी कुठे येतंय?" कोणीतरी म्हणालं. पण कल्पना सगळ्यांना पटली.

आपल्यात शाल-श्रीफळाचा अर्थ काय असतो हे वाचकांना सांगायला नको. मानपत्र वाचून, शाल पांघरून माणसाला एकदा 'आजीव मार्गदर्शक' केलं की त्याने पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसायचं, दीपप्रज्वलन करायचं आणि कशातही पडायचं नाही. हा नियम घटनेत कुठेच लिहिलेला नाही आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. ठराव झाला: डॉक्टर आजीव मार्गदर्शक, अध्यक्ष मी. कोणाचाही विरोध नव्हता. मीही "मी? नको हो" असं एकदाच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जण वॉर्डात गेलो. नर्स म्हणाली, एका वेळी दोघंच. मग मी आणि खजिनदार आत, बाकीचे दारातून माना काढून. फुलांना बंदी. नारळाकडे बघून नर्सने विचारलं, "हे त्यांना खायला आहे का?" खजिनदार म्हणाले, "नो नो, होली. जस्ट फॉर होल्डिंग." नारळ डॉक्टरांच्या हातात राहीना, म्हणून उशीला टेकवून ठेवला. शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ टीव्हीवर स्नूकर बघत होते. खजिनदारांनी मानपत्र इतक्या हळू आवाजात वाचलं की स्नूकरचे चेंडू त्याहून मोठ्याने वाजत होते. मग मी शाल उघडली आणि डॉक्टरांच्या छातीवरून, सलाइनची नळी सांभाळत, पांघरली.

पांघरताना त्यांचे डोळे अर्धे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं पाहिलं. मी इतकी वर्षं पेशंट शुद्धीवर येताना बघत आलो होतो, मला ती नजर कळते. तेव्हाच म्हणायला हवं होतं की थांबा, हे उठताहेत. मी शालीची घडी सारखी केली आणि खजिनदारांनी फोटो काढला.

दोन दिवसांनी डॉक्टर कॉटवर बसून चहा पीत होते. गणपतीला आले नाहीत, पण कोजागरीच्या आधीच्या मीटिंगला काठी टेकत, हातात कार्यक्रमाचे कागद घेऊन आले आणि सवयीने टेबलामागच्या खुर्चीकडे वळले. खुर्चीवर मी होतो. मी अर्धवट उठलो. खजिनदार पुढे होऊन म्हणाले, "अहो डॉक्टर, तुम्ही इथे कुठे? तुम्ही आता मार्गदर्शक. इकडे या, सोफ्यावर. ऐसपैस बसा."

डॉक्टरांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं. मग हसले. "म्हणजे तुम्ही लोकांनी माझं मुंडण करून टाकलंत की!"

ज्यांनी त्यांची भाषणं ऐकली होती ते सगळे हसले. ते जाऊन सोफ्यावर बसले आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. कार्यक्रमाचे कागद त्यांच्या मांडीवरच राहिले.

अफवा कुठून निघाली ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टींना आई-बाप नसतात. वहिनींनीच कोणाला तरी सहज सांगितलं असणार की आदल्या रात्री पुतण्याने सर्दीची गोळी दिली होती. दिवाळीपर्यंत 'सर्दीची' हा शब्द गळाला. नाताळापर्यंत गोळीचं औषध झालं, मग पेय झालं. एका हळदीकुंकवाहून माझी बायको ऐकून आली. "काहीतरी पाजलं म्हणे त्या पोराने. घर नावावर आहे ना." मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणालो, "लोकांना उद्योग नाहीत." खोटं आहे असं म्हणालो नाही. खोटं म्हटलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता: मग झालं कशाने?

मनाची समजूत मी अशी घातली की अफवा आपोआप विरते. आणि गादीवर मी बसलो असताना संशय दुसऱ्यावर जातो आहे, ह्यातली सोय मला दिसत नव्हती असंही नाही.

वसंतात डॉक्टरांचं वार्षिक भाषण झालं. अध्यक्ष म्हणून प्रास्ताविक मी केलं. पुतण्या नेहमीसारखा बाजूला लॅपटॉप घेऊन स्लाइड्स लावायला बसला होता. आजारानंतर डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता, पण ह्या वेळी ते राजानंतरच्या गोष्टीवर आले, जी त्यांनी आधी कधी सांगितली नव्हती.

राजाला मठात पाठवून जो गादीवर बसला, त्याला स्वस्थ झोप लागली नाही. म्हाताऱ्याच्या घराण्याशी वैर मिटावं म्हणून त्याने आपली मुलगी म्हाताऱ्या राजाच्या पुतण्याला दिली. पुढे तोच पुतण्या राजा झाला. सासऱ्याने त्याच्याकडून शपथ घेतली होती की माझ्या घरच्यांना सांभाळशील. राजा होताना त्याने आणखी एक शपथ घेतली, सगळ्या रयतेला न्याय देईन अशी. मग त्याने बिशपांची सभा बोलावली आणि विचारलं, सासऱ्याने ज्यांना लुबाडलं त्यांना न्याय द्यायचा तर त्याच्या घरच्यांना कसं सांभाळू? कोणती शपथ मोठी? सभा म्हणाली, रयतेची. पुढे त्याने बायकोला टाकून दिलं. मठातल्या म्हाताऱ्या काकानेच त्याला तसं करायला सांगितलं, असंही मागाहून कोणी लिहिलं. "खरं-खोटं देव जाणे," डॉक्टर म्हणाले. "पण बघा, निर्दोष होती ती मुलगीच, आणि सगळ्यांचा हिशोब तिच्याकडून चुकता झाला."

मला मुलगी नाही. इथे माझी गोष्ट त्या राजाच्या गोष्टीशी जुळत नाही, एवढंच बरं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणीच हात वर करेना. तेव्हा डॉक्टर स्वतःच म्हणाले, "आज प्रश्न मी विचारतो. अध्यक्षांना." आणि माझ्याकडे वळले. "मी आजवर म्हणत आलो, राजाला कोणी काही पाजलं नाही. आता माझी खात्री राहिलेली नाही. तू फिजिशियन आहेस. एखादा धडधाकट म्हातारा एका रात्रीत बेशुद्ध पडतो, आणि मग ठणठणीत उठतो. त्याच्या घरातल्याच कोणी त्याला काही दिलं असेल, असं शक्य आहे का?"

सभागृहात कोणाला वाटलं असेल की हा इतिहासाचा प्रश्न आहे, तर ते भाबडे. वहिनी पहिल्या रांगेत खाली बघत होत्या. पुतण्याने लॅपटॉपवरून मान वर केली होती. त्याला माझं उत्तर माहीत होतं. टोलेडोत त्याने ते ऐकलं होतं, आणि त्याच संध्याकाळी गाडीतलं माझं दुसरं वाक्यही ऐकलं होतं.

डॉक्टरांना राजाविषयी काही नको होतं. मुलासारख्या सांभाळलेल्या पोरावर विश्वास ठेवू की नको, एवढंच ते विचारत होते. ज्या एका माणसाला उत्तर ठाऊक असणार असं त्यांना वाटलं, त्यालाच त्यांनी ते विचारलं, आणि माणूस त्यांनी बरोबर निवडला होता.

मी म्हणालो, "शक्य आहे. नाकारता येणार नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. "थँक यू," म्हणाले. टाळ्या झाल्या. पुतण्या वायर गुंडाळत राहिला, बराच वेळ.

आठवड्याभरात तो मिल्टन कीन्सला राहायला गेला. लोकांना सांगितलं की रोजचं ड्रायव्हिंग झेपत नाही.

त्यानंतर डॉक्टर दोन-अडीच वर्षं होते. मी त्यांच्याकडे जायचो, चहा घ्यायचो, पुस्तकं खाली-वर करून द्यायचो. पुतण्याचा विषय निघत नसे. ते गेले तेव्हा क्रिमेटोरियमच्या चॅपलमध्ये तो आला होता, मागच्या भिंतीला टेकून उभा. पडद्याआड शवपेटी जायची वेळ आली की घरातला कोणीतरी बटण दाबतो. वहिनींनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, मग मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दाबा."

मी दाबलं. अध्यक्षपद मी घेतलं होतं, ते एक वेळ सोडा. पण मुलाचा मान होता तो, आणि तोही मी घेतला. डॉक्टरांची स्पॅनिश पुस्तकंही पुढे वहिनींनी मलाच दिली. मला स्पॅनिश येत नाही.

ह्या वर्षी वहिनी बाथरूममध्ये घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण चार दिवस वॉर्डात होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा नर्स त्यांना विचारत होती, नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यांत जवळचं नातलग, कोण? वहिनींनी बोटाने मला दाखवलं. "हे. फॅमिली फ्रेंड. माझं दुसरं कोणी नाही."

नर्सने माझा फोन नंबर विचारला आणि मला तो आठवेना. स्वतःचा नंबर. मी खिशातून मोबाइल काढला आणि तसाच हातात धरून बसलो. ती गेल्यावर म्हणालो, "वहिनी, तुमचं कोणी नाही असं नाही. ते मी केलं." आणि सगळं सांगितलं. पाण्याच्या गोळ्या, वॉर्डातल्या डॉक्टरचा प्रश्न, भाषणातलं उत्तर. मधे कोणी जेवणाचा ट्रे ठेवून गेलं.

त्या रडल्या नाहीत. तो ट्रे बाजूला सारून म्हणाल्या, "त्या रात्री मी त्याच्या हातातून ती गोळ्यांची पट्टी घेऊन नाव वाचलं होतं. सर्दीचीच होती. माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

"वहिनी..."

"मला काय सांगताय? त्याला जाऊन सांगा. आणि फोनवर नाही. समोर उभं राहून."

मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट माझ्यासारख्या म्हाताऱ्या ड्रायव्हरसाठी केलेले नाहीत. एकाच चौकात मी तीनदा आलो. त्याने दार उघडलं तेव्हा कडेवर दीडेक वर्षाची मुलगी होती. तो तिच्याशी मराठी बोलत होता. मला ती मुलगी झाल्याचं माहीतसुद्धा नव्हतं.

मी दारातच सांगायला सुरुवात केली. त्याने थांबवलं. "काका, आत या. हिला गार लागेल."

आत बसून मी पुन्हा सांगितलं. तो मुलीला खाली सोडून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला माहीत होतं. गाडी मीच चालवत होतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तुमच्या भाषणाच्या... अण्णांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांना म्हटलं, अण्णा, ते पिल्स डबल करायला काकांनी सांगितलं होतं, आठवतंय का? ते म्हणाले, आठवतंय. आणि म्हणाले, पण त्याने झालं असतं तर त्याने मला स्वतः सांगितलं असतं. तो माझा मित्र आहे."

मुलगी माझ्या बुटाची लेस ओढत होती. त्याने तिला उचललं.

"त्यावर मी काय बोलणार, काका?"

मी माफी मागितली. त्याने "इट्स ओके" म्हटलं नाही, आणि ते बरं केलं. चहा मात्र दिला. निघताना म्हणाला, "काकूला भेटेन मी. मंडळात येणार नाही. तिथे मला आता काही प्रूव्ह करायचं नाहीये. अण्णांना सांगायला हवं होतं, ते राहिलंच."

ते राहिलंच. डॉक्टर त्या पोरावर संशय घेत गेले, आणि माझ्यावर विश्वास ठेवत गेले. ह्या दोन्हींतलं काहीही आता ह्या लेखाने बदलत नाही. मी हे फक्त तुम्हा वाचकांसाठी लिहिलं आहे, ज्यांनी ती गोष्ट ऐकली आणि पुढे सांगितली. त्याने काही पाजलं नव्हतं. आता हेही पुढे सांगा.

तो हल्ली दर रविवारी मुलीला घेऊन वहिनींकडे येतो. पहिल्या दोन रविवारी मी तिथे होतो. माझी गाडी दारात पाहिली की तो न थांबता पुढे जायचा आणि मी निघाल्यावर परत यायचा. आता रविवारी मी तिकडे जात नाही.